कुणाच्या घड्याळात?

"किती वाजले हो?" हा जगातला सगळ्यांत निरुपद्रवी प्रश्न समजला जातो. रस्त्यात अनोळखी माणसानं दुसरं काही विचारलं की आपण आधी खिशातलं पाकीट चाचपतो. वेळ विचारली तर मात्र मोठ्या उदारपणानं सांगतो. पदरचं काही जात नाही. पत्ता सांगताना खुशाल चुकीच्या गल्लीत धाडणारा माणूससुद्धा वेळ सांगताना मिनिटाचा हिशेब देतो. खरं म्हणजे या प्रश्नाला एक पोटप्रश्न आहे: 'कुणाच्या घड्याळात?' पण तो कुणी विचारीत नाही. चुकून कुणी विचारलाच, तर लोक त्याच्याकडे काळजीनं बघतात आणि घरी कोण कोण असतं म्हणून चौकशी करतात.

या पोटप्रश्नापायी मुंबईत एके काळी गिरण्यांसमोर गर्दी जमली आहे, शहराच्या कारभाऱ्यांनी ठराव केले आहेत आणि एका मनोऱ्याचं दिवाबत्तीचं बिल अडलं आहे. आणि आमच्या तळोज्यात याच पोटप्रश्नानं परवा-परवा एका भल्या माणसाचा अख्खा महिना बुडवला. तळोज्याची गोष्ट आधी सांगतो, कारण ती लहान आहे.

तळोजा म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, नाहीतर तुरुंग. मी गेली बरीच वर्षं यांतल्या पहिल्या ठिकाणी आहे, हे मी पाहुण्यांना न विचारताच सांगून टाकतो. २०१७ साली इथली काही कुत्री चक्क निळी झाली आणि आमचं गाव परदेशी वर्तमानपत्रांत झळकलं. त्याखेरीज तळोज्यानं जगाला विशेष तसदी दिलेली नाही. माझी नोकरी एका रसायनांच्या कारखान्यात, खरेदी-विक्रीच्या टेबलावर. रसायन संपलं की ड्रम उरतात. हे रिकामे ड्रम विकत घेणारी माणसं कळंबोली-पनवेलकडे आहेत. ते ड्रम धुतात, ठोकून सरळ करतात, रंग देतात आणि पुढे विकतात. दर महिन्याला आम्ही दर मागवतो. ज्याचा दर जास्त त्याचा ट्रक गेटातून आत.

पूर्वी हे दर बंद पाकिटातून यायचे आणि पाकिटावर गेटवरचा शिक्का बसायचा. मग कंपनीला आधुनिक व्हायची इच्छा झाली. दर ई-मेलनं मागवायचे ठरलं, संध्याकाळी पाचच्या आत. आलेलं प्रत्येक पत्र एक प्रोग्राम वाचणार, वेळ टिपणार आणि पाचनंतर आलेलं परस्पर बाजूला टाकणार. माणसाचा हात नको, म्हणजे वशिला नको, हा त्यातला हेतू. हेतू चांगलाच होता.

पहिल्याच महिन्यात आमचे जुने ड्रमवाले बाद झाले. कागदावर शेरा आला : 'विलंबाने प्राप्त, सायं. ७.१०.' गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर.

"साहेब, मी तीन चाळीसला धाडलं. पोरीनं बटण दाबलं तेव्हा मी मागं उभा होतो."

"शेठ, सिस्टीम सात दहा दाखवतेय."

"सात दहाला तर दुकानाला कुलूप लागलेलं असतं, साहेब."

मी वर जाऊन विचारलं. वर म्हणाले, सिस्टीम दाखवतेय ना, मग झालं. हल्ली 'सिस्टीम' या शब्दाला पूर्वीच्या 'वरून हुकूम आहे'चं वजन आलं आहे. ड्रम दुसऱ्याच्या ट्रकमध्ये चढले. त्याचा दर आमच्या शेठपेक्षा कमी होता.

आता आमचा भाचा ऐरोलीला कॉम्प्युटरमध्येच आहे. रविवारी तो जेवायला आला, तेव्हा मी श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढीबरोबर हे प्रकरण त्याच्या पानात वाढलं. जेवण झाल्यावर त्यानं ते पत्र उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हे पत्र इस्रायलमधून आलंय."

"अरे, तो माणूस पनवेलच्या पुढे कधी गेलेला नाही!"

"माणूस नाही हो, वेळ. वेळ इस्रायलची आहे."

मग त्यानं समजावून सांगितलं ते असं. आपल्याला ई-मेलमध्ये नुसता मजकूर दिसतो, पण त्याच्या डोक्यावर एक पडद्यामागचा मजकूर असतो. त्यात तारखेची एक ओळ असते. शहाणं यंत्र त्या ओळीत वार, तारीख, वेळ लिहून शेवटी +०५३० असा आकडा टाकतं. म्हणजे, 'ही वेळ ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास आहे.' शेठच्या दुकानातला हिशेबाचा जुना प्रोग्राम मात्र आकडा न लिहिता तीन अक्षरं लिहितो : आयएसटी. आपण म्हणणार, इंडियन स्टँडर्ड टाइम, त्यात काय! पण इस्रायलची वेळही आयएसटी आणि आयर्लंडची उन्हाळ्यातली वेळही आयएसटी. आमच्या प्रोग्रामनं तिघांतून इस्रायल निवडलं. इस्रायल हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे. तिकडले तीन चाळीस म्हणजे इकडले सात दहा. हिशेब अगदी बिनचूक होता, फक्त देश चुकला होता. पोस्टग्रेस नावाची माहिती साठवण्याची एक मोठी नामांकित व्यवस्था आहे. तिलासुद्धा नुसतं आयएसटी सांगितलं तर ती इस्रायलच समजते. भारत हवा असेल तर तसं निराळं कळवावं लागतं.

भाचा वामकुक्षीला गेला आणि मला आमच्या आजोबांच्या लग्नाची पत्रिका आठवली. जुन्या ट्रंकेत ती बरीच वर्षं होती. तिच्यावर मुहूर्त छापला होता : 'सायंकाळी ६ वा. १७ मि. (स्टँ. टा.)'. लहानपणी हे 'स्टँ. टा.' मला वरपक्षाकडल्या कुणा बड्या असामीची पदवी वाटे, रा. ब. आणि रा. सा. यांच्या मधली कुठली तरी. पुढे कळलं, की ते 'स्टँडर्ड टाइम'. लग्न गिरगावात होतं, आणि आजी सांगायची, की काही पाहुणे पत्रिका नीट न वाचता 'मुंबई टाइम' धरून आले. अक्षता पडून गेल्या होत्या. त्यांच्या वाट्याला थेट पंगतच आली. त्यांची काही तक्रार नव्हती म्हणे.

म्हणजे एकाच मुंबईत, एकाच संध्याकाळी सहा दोनदा वाजत असत. हे कसं झालं?

मुळात प्रत्येक गावाचा सूर्य आपापला. डोक्यावर आला की त्या गावचे बारा वाजले. गाव पूर्वेला असेल तर आधी, पश्चिमेला असेल तर नंतर. एका रेखांशामागे चार मिनिटांचा फरक. आपल्या जोशीबुवांना हे शेकडो वर्षं ठाऊक आहे. उज्जयिनी धरून केलेलं गणित आपल्या गावाला लावताना ते जी दुरुस्ती करतात, तिला 'देशांतर संस्कार' असं भारदस्त नाव आहे. बाकी लोकांना त्याची गरजच नव्हती. दिवस कासराभर वर आला, दिवेलागण झाली, तांबडं फुटलं, एवढ्यावर काम भागे; आणि कासरा सगळीकडे सारखाच लांब असल्यामुळे भांडण नसे.

भांडण आणलं रेल्वेनं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा दुपारचे तीन पस्तीस झाले होते. कुणाचे तीन पस्तीस, हे विचारायचं कारण नव्हतं. ठाण्याचा सूर्य काही वेगळा नाही. पण रूळ लांबत गेले. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. कलकत्त्याच्या घड्याळात दहाला निघालेली तार अर्ध्या तासात मुंबईला पोचली, तर मुंबईच्या घड्याळात नऊ अठ्ठावीसच झालेले असत. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असा हा कारभार. तेव्हा रेल्वेनं दोघांच्या मधलं मद्रास पकडलं. तिथे १७९२ पासून वेधशाळा होती, वेळ चोख मिळे. सुमारे १८७० पासून रेल्वेगाड्या मद्रासच्या घड्याळानं धावू लागल्या. मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं आधी स्टेशनात आलेल्या मुंबईकराला, गाडी सुटून वीस मिनिटं झाली आहेत, असं हमाल सांगे.

इथपर्यंत लोकांनी सोसलं. रेल्वे रेल्वेच्या जागी, घर घराच्या जागी. पण १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावला, आणि मुंबई बिथरली. आपल्या डोक्यावरचा सूर्य आपला नाही, तो मद्रासचा, हे ऐकून घ्यायला मुंबईकर तयार नव्हता. राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा होता. १८७८ मध्ये पुरा झालेला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, मनोऱ्याला आईचं नाव दिलं. घड्याळ विद्यापीठाचं. विद्यापीठाच्या सिनेटनं ठरवलं, आमचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवील. सरकार म्हणालं, मग रात्री त्याच्या तबकड्या उजळायचा खर्च आम्ही देणार नाही. केवढं हे साम्राज्य, आणि भांडण कशावर, तर दिव्याच्या बिलावर! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जिन्यातल्या दिव्यावरून जे होतं, त्याला इतिहासाचा एवढा मोठा आधार असेल असं मला वाटलं नव्हतं. अखेर सरकारलाच मद्रास टाइम मागे घ्यावा लागला.

पुढे १८८४ मध्ये वॉशिंग्टनला देशोदेशींचे प्रतिनिधी जमले आणि जगानं ग्रिनिच मूळ धरायचं ठरलं. हिंदुस्थान सरकारनं मग मिर्झापूरजवळून जाणारा साडेब्याऐंशी अंशांचा रेखांश घेतला, आणि १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक वेळ लागू केली : साडेपाच तास पुढे. मुंबईच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटांनी पुढे. मुहूर्त मात्र असा निवडला, की बंगालच्या फाळणीला जेमतेम अडीच महिने झालेले. कर्झनसाहेबांनी आधी प्रांत कापला, आता दिवस कापतायत, असंच लोकांना वाटलं असणार.

पण दिवस खरोखर कापला गेला तो गिरणी कामगाराचा. बंगल्यात राहणाऱ्याला ३९ मिनिटं म्हणजे चहाचा दुसरा कप. चाळीतल्या माणसाला तीच मिनिटं पहाटेच्या झोपेतून द्यायची होती. भोंगा पूर्वीच्याच आकड्याला वाजणार, पण तो आकडा आता सूर्याआधी येणार. म्हणजे नळावर अंधारात उभं राहायचं, भाकरी अंधारात थापायची आणि अंधारात गिरणीची वाट धरायची. बोट कापलं जाईल अशा यंत्रापाशी डोळ्यांवर झोप घेऊन उभं राहायचं. जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून मिलचे हजारो कामगार कामावर न जाता बाहेर जमले आणि दगडफेक झाली. कागदोपत्री पाहिलं तर त्यांच्या कामाचं एक मिनिटही वाढलं नव्हतं. मालक प्रामाणिकपणे म्हणू शकत होता, की घड्याळ बघा, पूर्वीचीच वेळ आहे. आमच्या वरच्या साहेबांनी नाही का शेठला सिस्टीम दाखवली! ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसं ज्याच्या भिंतीवर घड्याळ त्याची वेळ.

मुंबई महापालिकेनंही त्याच वर्षी ठराव करून आपली घड्याळं मुंबई टाइमवर ठेवली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तशीच चालू राहिली. रेल्वेचं घड्याळ एक, बाजारातलं दुसरं. म्हणून तर आजोबांच्या पत्रिकेवर कंसात 'स्टँ. टा.' आलं. छापखान्यातल्या त्या खिळे जुळवणाऱ्याला जे समजलं होतं, ते आमच्या प्रोग्रामला समजलं नाही : नुसती वेळ छापू नये, ती कुणाची हेही छापावं.

तरी नुसत्या नावानंही भागत नाही. महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, सरकारनं देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे सारली होती. साडेपाचाचे साडेसहा. म्हणजे १९४३ सालच्या एखाद्या पत्रावर 'स्टँडर्ड टाइम' लिहिलं असेल, तर नाव खरं आणि आजच्या हिशेबानं आकडा खोटा.

ई-मेलचे नियम करणाऱ्यांनी हा मुंबईचा इतिहास वाचला असता तर बरं झालं असतं. पण १९८२ मध्ये ते नियम अमेरिकेत लिहिले गेले. त्यांत आकडा लिहायची सोय होतीच. नावंही चालतील असं म्हटलं, आणि नावं दिली ती ग्रिनिचची आणि अमेरिकेतल्या चार विभागांची. बाकीच्या जगालाही सकाळ-संध्याकाळ असते, ही गोष्ट नियमात बसली नाही. शिवाय सैन्यातली एकेका अक्षराची पद्धत घेतली, आणि तिथे तर पुढेचं मागे आणि मागेचं पुढे लिहून ठेवलं. १९८९ मध्ये ही चूक दाखवली गेली. २००१ च्या सुधारित नियमात सांगितलं, की आता या अक्षरांवर कुणी विसंबू नये. आणि ज्या नावाचा अर्थ नक्की ठाऊक नाही, तिथे 'उणे शून्य' समजावं.

'उणे शून्य' ऐकून मी उडालोच. शाळेत आम्हाला शून्याला उणे-अधिक काही नसतं असं शिकवलं होतं, आणि ते चुकवल्याबद्दल छडीही मिळे. पण ई-मेलमध्ये अधिक शून्य म्हणजे 'ग्रिनिचची वेळ', आणि उणे शून्य म्हणजे 'ग्रिनिचच्या हिशेबानं वेळ ही अशी, पण लिहिणारा कुठला ते ठाऊक नाही.' आपलं अज्ञान लिहून ठेवायला गणितात अशी खास जागा केलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मात्र तिथेही सावध राहावं लागतं. ठाऊक नाही म्हणून शेठचे तीन चाळीस कुणी सरळ ग्रिनिचचे धरले, तर ते आपल्याकडले रात्रीचे नऊ दहा होतात. शेठ आणखी दोन तासांनी गुन्हेगार!

आणि आपला अर्धा तास आहेच. +०५३० म्हणजे पाच तास आणि तीस मिनिटं. पण कुणी घाईत ५३० मिनिटं धरली तर पावणेनऊ तासांच्या वर जातो. शंभरानं भागून ५.३ तास केले तर पाच तास अठरा मिनिटं होतात. पूर्ण तासांच्या देशात राहणाऱ्यांना ही अडचण सुचतच नाही.

"मग वेळ ओळखायची तरी कशी?" मी भाच्याला चहाच्या वेळी विचारलं. त्याचं उत्तर मला आवडलं, कारण ते टपालखात्यासारखं होतं. आकडा असेल तर आकड्यावर विश्वास. नाव असेल तर ते एकाच अर्थाचं आहे अशी खात्री असेल तेव्हाच. नसेल, तर पाकिटावरचे शिक्के बघायचे. ई-मेल ज्या-ज्या यंत्रातून जातो, ते प्रत्येक यंत्र 'अमुक वाजता मिळालं' असा आपला शिक्का वर मारतं; सगळ्यांत वरचा शिक्का आपल्याच पोस्टाचा. शेवटची तारीख पाळायची असेल, तर पाठवणाऱ्याच्या घड्याळावर कशाला जायचं? आपल्या दारातला शिक्का बघावा. आणि तोही नसेल, तर प्रोग्रामनं स्वतः निकाल न देता ते पत्र माणसापुढे ठेवावं.

शेठच्या पत्रावर आमच्याच यंत्राचा शिक्का होता : १५ वाजून ४१ मिनिटं, +०५३०. पत्र एका मिनिटात पोचलं होतं. पुरावा आमच्याच घरात, आणि आम्ही त्याला इस्रायलला हुडकत होतो.

तो कागद छापून मी वर नेला. ड्रम गेले ते गेलेच. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांना बोलावणं धाडलं, आणि तो दुरुस्त होईपर्यंत बाद झालेली पत्रं माझ्या टेबलावर यायची असं ठरलं. आता दर मागवण्याच्या सूचनेत 'सायं. ५ वा.'च्या पुढे कंसात 'भारतीय प्रमाणवेळ, +०५३०' असं छापतात. ते वाचून मला दर वेळी 'स्टँ. टा.' आठवतं.

जाता जाता एक हिशेब मी स्वतःपुरता करून ठेवला आहे. तळोजा मुंबईच्या थोडं पूर्वेला आहे, साधारण पाव अंश. म्हणजे आमचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा एक मिनिट आधी डोक्यावर येतो. तळोजा टाइमसाठी मी कुणाच्या भिंतीवर दगड मारणार नाही. पण मुंबईची मंडळी तळोज्याला मागासलेलं म्हणाली, की मी हे एक मिनिट त्यांच्या नजरेला आणून देतो.

पुढल्या महिन्यात शेठचा दर पुन्हा आला. दुकानातला प्रोग्राम त्यांनी बदललेला नाही. चांगला चालतोय म्हणतात. मात्र मजकुराच्या खाली मुलीकडून एक ओळ लिहून घेतली होती : 'वेळ दुपारी २.१०, भारतातली, कळंबोली. आकाश ढगाळ.' ते ढगाळ कशासाठी म्हणून मी फोनवर विचारलं. म्हणाले, "साहेब, पुन्हा कुणी इस्रायल म्हणालं तर तिकडं ढग होते का ते बघता येईल."